घायपात, कोरफड, निवडुंग, शेर, पानफुटी : रिव्हिएरातल्या जुन्या बागेतली रसाळ झाडं ओळखण्यासाठी

इटलीत व्हेंतिमिलियापासून सान रेमोपर्यंत आणि सीमेपलीकडे फ्रान्समध्ये मांतों, नीसपर्यंत रिव्हिएरा नावाचा किनारा आहे. तिथं समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरांवर जुन्या बंगल्यांच्या बागा आहेत. एकोणिसाव्या शतकात हिवाळा काढायला तिकडे येणाऱ्या सधन युरोपीय कुटुंबांनी त्या हौसेनं लावल्या. पुढे दोन महायुद्धं झाली, माळी ठेवणं परवडेना, वारसांत वाटण्या झाल्या आणि कित्येक बागांकडे कुणी फिरकेना. गुलाब गेले, हिरवळ गेली. पानाखोडांत पाणी साठवून तगणारी रसाळ झाडं मात्र राहिली, फोफावली आणि एकमेकांत घुसली.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे असलेली आपली मंडळी अशी घरं भाड्यानं घेतात, सुट्टीच्या दिवशी बागकामाला हातभार लावायला जातात किंवा नुसती फिरायला जाऊन भरपूर फोटो घेऊन येतात. मग प्रश्न पडतो, हे नेमकं आहे काय? हा लेख अगदी नवख्या माणसासाठी आहे, पण मराठी नवखा तसा रिकाम्या हातानं जात नाही. घायपात, कोरफड, फड्या निवडुंग, शेर आणि पानफुटी ही पाच झाडं ज्यानं बांधावर, कुंपणात, अंगणात पाहिली आहेत, त्याला त्या बागेतल्या डोळ्यांत भरणाऱ्या बहुतेक झाडांची घराणी ओळखता येतात. आधी घराणं, मग नाव. हा क्रम सोडला की माणूस फोटोवरून नाव शोधत बसतो आणि चकतो.

पहिली पायरी : कोयता खाली ठेवा

ओसाड बाग दिसली की आधी साफसफाईची घाई होते. ती करू नका. वाळलेला दांडा, बुंध्याला चिकटलेली जुनी पानं, मातीत गाडलेली जस्ताची किंवा शिशाची नावाची पाटी हा सगळा पुरावा आहे. अगेव्हचा, म्हणजे घायपाताच्या घराण्यातल्या झाडाचा, वाळका दांडा फूल येऊन गेल्यावरही बराच काळ उभा राहतो आणि फुलोरा कसा होता ते त्याच्या फांद्यांवरून सांगतो. तो तोडून जाळला की ती खूण गेली. पहिली फेरी नुसती बघण्याची, फोटोंची आणि टिपणांची ठेवा.

झाड कुठं उभं आहे तेही टिपा. या किनाऱ्याच्या इटलीतल्या भागात, म्हणजे लिगुरियात, डोंगर कापून गडगे रचून पायऱ्यापायऱ्यांची जमीन केलेली असते, तिला तिथले लोक ‘फाशे’ म्हणतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गडग्याच्या पायथ्याशी दिवसभर ऊन साठतं, म्हणून नाजूक, थंडी न सोसणारी झाडं जुन्या माळ्यांनी तिथं लावली. १९८५ च्या जानेवारीत या किनाऱ्यावर कडाक्याची थंडी पडली होती. त्याआधीपासून ओसाड पडलेल्या बागेत उघड्यावर जे मोठं, जुनं झाड आज दिसतं, ते बहुधा थंडी सोसणाऱ्या जातीचं असणार. ओळीत, सारख्या अंतरावर उभी झाडं मुद्दाम लावलेली असतात. उतारावर वेडीवाकडी पसरलेली आपोआप आलेली.

घराच्या कागदांत रोपवाटिकेच्या पावत्या, जुने फोटो, झाडांच्या याद्या असतील तर त्या आधी पाहा. यादीची किंमत कळायला ला मोर्तोलाच्या बागेकडे बघावं. व्हेंतिमिलियाजवळची ही जागा थॉमस हॅनबरी या इंग्रज व्यापाऱ्यानं १८६७ मध्ये घेतली. त्याचा पैसा शांघायच्या व्यापारातला होता, आणि भाऊ डॅनिएल औषधी वनस्पतींचा मोठा जाणकार होता. पुढे आल्विन बर्गर हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८९७ पासून १९१४ पर्यंत बागेचा प्रमुख होता. त्यानं १९१२ मध्ये तिथल्या झाडांची तपशीलवार यादी छापून घेतली. दुसऱ्या महायुद्धात बागेची दुर्दशा झाली, १९६० मध्ये इटलीच्या सरकारनं ती घेतली आणि नंतर जेनोवा विद्यापीठानं सांभाळली. काय होतं याची छापील नोंद हाताशी असल्यामुळे काय उरलं ते पडताळता आलं. तुमच्या बागेला अशी यादी नसेलच, पण ला मोर्तोला एकदा पाहून या. तिथल्या नावाच्या पाट्या वाचत फिरलात की एका दिवसात बरंच शिकून होतं.

दुसरी पायरी : ऋतू आणि हत्यारं

तिथलं हवामान आपल्या उलट आहे. पाऊस थंडीत, उन्हाळा कोरडा. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बरीच झाडं झोपलेली, आकसलेली, लालसर झालेली दिसतात. शक्य असेल तर दोनदा जा. डिसेंबर ते फेब्रुवारीत ॲलो, म्हणजे कोरफडीचं घराणं, फुलतात आणि पानफुटीच्या घराण्यातले एओनियम टवटवीत असतात. मे-जूनमध्ये निवडुंगं फुलतात आणि अगेव्हचे दांडे वर येतात.

कातडी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब चिमटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मापाची पट्टी, वही आणि पेन्सिल घ्या. चष्म्याला कुणी कंटाळू नये. अगेव्हच्या पानांची टोकं नेमकी वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात.

रंगावर विसंबू नका. एकच ॲलो सावलीत हिरवा आणि उन्हातान्हात तांबूस असतो.

तिसरी पायरी : घायपात की कोरफड?

बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो, म्हणून इथं सावकाश जाऊ. दोन्हींत जाड, टोकदार पानांचा गोल झुपका असतो आणि कडांना दात असतात. पण अगेव्ह मूळ अमेरिका खंडांतले, आणि ॲलो आफ्रिका, अरबस्तान व मादागास्करचे. दोघांचं नातं दूरचं आहे.

खालचं एखादं आधीच मोडलेलं पान घ्या आणि आडवं फाडा. आतून लांब, चिवट धागे निघाले, म्हणजे ज्याचे दोर वळतात तो वाख निघाला, तर ते घायपाताचं घराणं. बुळबुळीत गर आणि सालीलगत पिवळट कडू रस निघाला तर कोरफडीचं. अगेव्हच्या रसानं कातडीला खाज सुटते, पुरळ येतं. मोजे काढू नका.

दुसरी खूण पान न फाडता दिसते. अगेव्हची कोवळी पानं मधल्या सुळक्यात एकमेकांवर घट्ट दाबून बसलेली असतात, त्यामुळे एका पानाच्या दातांचा ठसा शेजारच्या पानाच्या पाठीवर उमटतो आणि पान उघडल्यावरही राहतो. ॲलोवर असा ठसा नसतो.

तिसरी खूण सगळ्यांत भरवशाची : फुलाचा दांडा कुठून निघतो? अगेव्हचा झुपका एकदाच फुलतो. दांडा थेट मधल्या शेंड्यातून वर जातो आणि फळं धरली की तो झुपका मरतो. ॲलोचे दांडे पानांच्या बगलेतून निघतात आणि झाड दर वर्षी फुलत राहतं. मेलेला मोठा झुपका मधोमध आणि भोवती केळीच्या मुनव्यांसारखी पिलं असं दृश्य दिसलं तर उत्तर मिळालं.

अगेव्ह अमेरिकाना तुम्हाला हमखास भेटेल. निळसर-करडी, दीड-दोन मीटर लांब पानं, कडेला आकड्यासारखे दात, टोकाला काळपट सुईसारखा काटा. दांडा सहा ते नऊ मीटर. युरोपात तो सोळाव्या शतकात पोचला. पिवळ्या कडेचा किंवा पिवळ्या पट्ट्याचा दिसला तरी जात तीच, प्रकार वेगळा. अगेव्ह ॲटेन्युआटाला मात्र काटा नाही, दात नाहीत. मऊ, फिकट हिरवी पानं, जुन्या झाडाला आखूड खोड आणि कमानीसारखा वाकून खाली येणारा फुलोरा. तो थंडीला भितो, म्हणून गडग्याच्या आडोशाला शोधा. पानांच्या कडेला पांढरे दोरे सुटलेले असतील तर अगेव्ह फिलिफेरा. लहान, घट्ट, जवळजवळ चेंडूसारखा झुपका आणि पानांवर पांढऱ्या रेघा असतील तर अगेव्ह व्हिक्टोरिआए-रेजिनाए. तो ओसाड बागेत जिवंत सापडला तर खरोखर आनंद माना.

फसवणारे तिघे लक्षात ठेवा. फुर्क्रियाची पानं अगेव्हसारखीच, पण टोकाला कडक सुई नसते आणि फिकट फुलं खाली लोंबतात. अगेव्हची फुलं वर तोंड करून असतात. युक्काची फुलं पांढरी, घंटेसारखी, आणि तो पुन्हा पुन्हा फुलतो. डॅसिलिरियनची पानं अरुंद, फितीसारखी, मांसल नसलेली आणि कडेला करवतीचे दात.

कोरफडीच्या बाजूला ॲलो आर्बोरेसेन्स सगळीकडे आहे. माणसाच्या उंचीचं, खूप फांद्यांचं झुडूप, प्रत्येक फांदीच्या टोकाला वाकड्या पानांचा झुपका आणि भर थंडीत केशरी-लाल मशाली. ठिपकेवाला, जमिनीलगत पसरणारा आणि वर सपाट छत्रीसारखा फुलोरा असलेला ॲलो माक्युलाटा. एकच जाड खोड, त्याला वाळक्या पानांचा घागरा आणि पानांच्या पृष्ठभागावरही काटे असतील तर ॲलो फेरॉक्स. कडेला दात नाहीत, फक्त गुलाबी रेघ आहे, तो ॲलो स्ट्रिआटा. पानं पंख्यासारखी दोन बाजूंना रचलेली असतील तर आज त्याचं नाव कुमारा प्लिकाटिलिस. कुंपणात चढत गेलेला, पानाच्या तळाशी खोडाला बिलगलेल्या भागावर पांढरे केसाळ दात असलेला आलोइआम्पेलॉस सिलिआरिस. हे शेवटचे दोघे जुन्या पाट्यांवर ॲलो म्हणूनच सापडतील.

एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करा. ॲलो एकमेकांत सहज संकरित होतात, आणि बागेत शेजारी शेजारी लावलेल्या जातींच्या बियांतून मधलीच झाडं उगवतात. दोन जातींची लक्षणं एकाच झाडात दिसली तर ‘ॲलो, बहुधा संकर’ अशी नोंद ही योग्य नोंद आहे. ओढूनताणून जातीचं नाव चिकटवू नका.

चौथी पायरी : काटेरी खांब आणि थापे

आपण बोलताना फड्यालाही निवडुंग म्हणतो आणि त्रिधारीलाही, पण फड्या कॅक्टसच्या घराण्यातला आहे आणि त्रिधारी शेराच्या, म्हणजे युफोर्बियाच्या. इथं हा फरक जिवाला लागणारा आहे, कारण युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

भिंग काढा आणि काटा जिथून निघतो ती जागा पाहा. कॅक्टसचे काटे छोट्या लवदार गादीतून, बहुतेक वेळा झुबक्यानं येतात, आणि फूलही त्याच गादीतून येतं. खांबासारख्या युफोर्बियात गादी नसते. काटे सहसा जोडीनं, धारेवरच्या कडक चकतीवर बसलेले असतात. चीक आहे का हे बघायला झाड कापू नका. आधीच्या जखमेवर पांढरा, वाळलेला चीक बहुतेकदा दिसतो. अंगावर उडालाच तर साबण लावून धुवा. डोळ्यांत गेला तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुऊन थेट डॉक्टर गाठा.

चार-पाच धारांचे खांब एकाच बुडातून उठलेले दिसले तर युफोर्बिया कॅनारिएन्सिस असू शकतो, तो कॅनरी बेटांवरचा. वर झाडासारखा फांदलेला मोठा असेल तर युफोर्बिया इन्जेन्स किंवा त्याचे आफ्रिकी भाऊबंद. बागेबाहेरच्या खडकांवर घुमटासारखं झुडूप वसंतात पिवळंधमक आणि उन्हाळ्यात निष्पर्ण असेल तर तो युफोर्बिया डेन्ड्रॉइडेस. तो कुणी लावलेला नाही, तिथलाच आहे. त्याला हात लावू नका.

कॅक्टसांत थाप्यांचा, म्हणजे फड्यासारख्या चपट्या, जाड फांद्यांचा, ओपुन्शिया फिकस-इंडिका ठळक दिसतो. नावात ‘इंडिका’ असलं, इटालियन माणूस त्याला ‘फिको दिंदिया’ म्हणत असला, तरी झाड मेक्सिकोचं. याचे मोठे काटे परवडले. गादीतली बारीक कुसं मात्र कातडीत शिरतात आणि दिसतही नाहीत. चिकटपट्टी दाबून उचलली की बरीचशी निघतात. थाप्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर काडीनं एक चिरडून बघा. गडद लाल डाग पडला तर तो कोचिनील किडा. या किड्याशी आपलाही जुना संबंध आहे. लाल रंगाचा धंदा करायच्या आशेनं १७९५ मध्ये ब्राझीलहून भारतात कोचिनील म्हणून जो किडा आणला, तो हवा तो नव्हताच. खऱ्या कोचिनीलच्या या भाईबंदानं रंग फारसा दिला नाही, पण एका जातीचा निवडुंग फस्त केला. तुमच्या बागेत असा पुंजका दिसला तर तो थापा कापून पिशवीत बंद करा, कुंपणावर टाकू नका.

सोनेरी काट्यांचे मोठे गोल चेंडू, ज्यांना बहुतेकजण एकिनोकॅक्टस ग्रुसोनी म्हणून ओळखतात, त्यांचं नाव २०१४ मध्ये क्रोएनलाइनिया झालं. मोनाकोच्या ‘जार्दां एग्झोतिक’ या १९३३ मध्ये उघडलेल्या बागेचे प्रमुख राहिलेले मार्सेल क्रोएनलाइन यांच्यावरून ते पडलं. तीही बाग याच किनाऱ्यावर आहे.

पाचवी पायरी : पानफुटीचं घराणं

पानांच्या गुलाबांचा, म्हणजे गुलाबाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या पानांच्या झुपक्यांचा, गोंधळ इथं सोडवायचा. गुलाब काष्ठमय फांद्यांच्या टोकांवर बसलेले असतील तर बहुतेक एओनियम. मूळचे प्रामुख्यानं कॅनरी बेटांवरचे. पानांच्या कडेला भिंगातून बारीक केस दिसतात. उन्हाळ्यात बाहेरची पानं गळतात आणि गुलाब मुठीएवढा मिटतो, म्हणून लोक मेला समजून उपटतात. ऑक्टोबरच्या पावसापर्यंत थांबा. एओनियम आर्बोरेउम पिवळ्या फुलांचा सुळका काढतो आणि तेवढीच फांदी मरते. त्याचा जवळजवळ काळा प्रकार, ‘झ्वार्टकॉप’, बागेत लांबून नजर खेचतो. ताटासारखा सपाट, भिंतीला चिकटून असलेला मिळाला तर तो तेनेरीफचा एओनियम टाबुलिफॉर्मे.

फुलाचा दांडा गुलाबाच्या मधून न येता पानांच्या बगलेतून आला आणि गुलाब जिवंत राहिला, तर एचेव्हेरिया, मेक्सिकोचा. इथंही दांड्याचाच प्रश्न उपयोगी पडतो. सेम्पर्व्हिव्हम लहान, जमिनीलगत, पिलांच्या गर्दीत, आणि फुलला की मधला गुलाब मरतो.

बाकीचे पटकन ओळखू येतात. नाण्याएवढ्या जाड, चकचकीत पानांचं झुडूप म्हणजे क्रासुला ओव्हाटा, आपल्याकडे जेड म्हणून कुंडीत विकतात तेच. तिथं ते कमरेच्या वर जातं. पांढुरकी, भुकटी लागलेली समोरासमोरची पानं आणि लोंबत्या केशरी घंटा असतील तर कोटिलेडॉन ऑर्बिक्युलाटा. ते गुरांना विषारी आहे. पानांच्या कडेला रांगेनं पिलं लागलेली कलांचो तर पानफुटीची सख्खी भावंडं, मूळ मादागास्करची, आणि पसरण्यातही तशीच चिवट.

या पाचांत न बसणारं एकच ठळक झाड राहतं, कार्पोब्रोटस. उतारावर सतरंजीसारखा पसरलेला, बोटभर पानं आडवी कापली तर त्रिकोणी, फुलं पिवळी किंवा भडक गुलाबी. माती धरायला लावला, आणि आता किनाऱ्यावरच्या मूळ झाडांना गुदमरवतो आहे. याचा तुकडा बागेबाहेर पडू देऊ नका.

सहावी पायरी : नोंद

प्रत्येक झाडाला आधी क्रमांक द्या, नाव नंतर. प्रत्येकाचे सारखेच फोटो घ्या : मापाची पट्टी ठेवून पूर्ण झाड, पानाची कड, टोक आणि तळ, खोड, दांडा निघतो ती जागा, एक फूल जवळून, फळ असेल तर फळ. झाडाच्या पाटीवर पेन्सिलीनं लिहा. शाईपेक्षा पेन्सिल उन्हात जास्त टिकते. मोबाइलवरची ओळखणारी ॲपं घराण्यापर्यंत बरी मदत करतात. जातीच्या बाबतीत त्यांचं उत्तर ही फक्त सुरुवात माना. नाव पक्कं करताना लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर आजचं मान्य नाव पाहा आणि पाटीवरचं जुनं नावही शेजारी लिहून ठेवा. जुन्या यादीशी जुळवताना तेच लागतं.

अगेव्हची तब्येतही याच फेरीत पाहा. मधला सुळका कलला असेल, पानं खालून कुजून कोसळत असतील आणि घाण वास येत असेल तर आत अगेव्हचा सोंड्या भुंगा असण्याची शक्यता आहे. तो मेक्सिकोकडून भूमध्य किनाऱ्यावर पोचला आहे. असं झाड मुळासकट काढून त्याची विल्हेवाट लावावी लागते, आणि त्याची पिलं दुसरीकडे लावायची नाहीत.

शेवटी फांद्या घेण्याबद्दल. मालकाची परवानगी लागतेच. त्याशिवाय जवळजवळ सगळे कॅक्टस, कोरफड सोडून बाकीचे ॲलो आणि रसाळ युफोर्बिया वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, म्हणजे ते सीमेपार न्यायला कागदपत्रं लागतात. भारतात कुठलंही रोप आणायचं तर आपल्या वनस्पती संगरोध खात्याचा आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र हवं. बॅगेत गुंडाळून आणलेल्या एका थाप्याबरोबर किडाही येतो. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत यातले अगेव्ह ॲटेन्युआटा, जेड आणि सोनेरी चेंडू सहज मिळतात. आवडलेलं झाड तिथूनच घ्या.